पराभवानंतरची पंधरा मिनिटे

(शालेय फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे पालक व प्रशिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचांची शेवटची शिट्टी वाजते आणि मैदानावर दोन चित्रे एकाच वेळी दिसू लागतात. एकीकडे मुले आनंदाने एकमेकांच्या अंगावर उड्या घेत असतात. दुसरीकडे बारा वर्षांचा गोलरक्षक खांबाला टेकून, मान खाली घालून बसलेला असतो. पुढच्या पंधरा मिनिटांत त्याच्या कानांवर जे पडेल, तेच त्याचे पराभवाविषयीचे शिक्षण. ‘पंचांनीच घात केला,’ असे वडील म्हणाले, तर अपयशाचा भार दुसऱ्याच्या माथी टाकण्याची युक्ती तो शिकतो. ‘तुझ्यामुळे हरलो,’ असे प्रशिक्षक म्हणाले, तर पुढच्या सामन्यात चेंडू आपल्याकडे येऊच नये, असे त्याला वाटू लागते. आणि ‘जाऊ दे रे, खरा विजेता तूच,’ हे सांत्वनही खोटेच. मुलाला गोल मोजता येतात.

मग त्याला सांगावे तरी काय? २०१७ च्या ऑक्टोबरमधील एक प्रसंग येथे मार्गदर्शक ठरावा. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा त्या वर्षी भारतात झाली. यजमान संघाचे तिन्ही सामने दिल्लीत झाले आणि तिन्हींत पराभव पदरी आला: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात ८२ व्या मिनिटाला मणिपूरच्या जॅक्सन सिंगने हेडरने गोल केला. विश्वचषक स्पर्धेतील भारताचा तो पहिलावहिला गोल. बरोबरी साधल्याचा जल्लोष विरतो न विरतो तोच, ८३ व्या मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. इतक्या कोवळ्या वयात, एवढ्या प्रेक्षकांसमोर, एका मिनिटात आनंदाचे रूपांतर निराशेत व्हावे, याहून कठोर परीक्षा कोणती?

त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. स्पर्धा संपली, मुले घरी बसली नाहीत. त्यांतील अनेकांना घेऊन ‘इंडियन ॲरोज’ हा संघ उभा राहिला आणि आय-लीगमध्ये वयाने व अनुभवाने मोठ्या खेळाडूंपुढे उतरला. नोव्हेंबरअखेरच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० असे नमविले. त्यांतील दोन गोल अनिकेतचे होते. पुढे २०२१ मध्ये जॅक्सनने भारताच्या वरिष्ठ संघात पदार्पण केले. पराभव पुसला गेला नाही. तो पचविला गेला. या दोहोंतील अंतर ओळखणे, हेच खरे क्रीडाशिक्षण होय.

कोल्हापूरचा उल्लेख सहज आलेला नाही. तेथील फुटबॉल संघांची नावेच पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. चेंडू साता समुद्रांपलीकडून आला, पण त्याला आसरा मिळाला तो तालमीचा. आणि तालमीच्या मातीत पडणे ही नामुष्की नसते. पाठ मातीला लागलेला मल्ल उठतो, अंगावरची माती झटकतो, प्रतिस्पर्ध्याला आलिंगन देतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जोर-बैठकांना हजर होतो. वस्ताद आदल्या दिवशीचा डाव तेव्हा समजावून सांगतो.

हीच रीत मुलांच्या फुटबॉलमध्ये आणणे अवघड नाही. सामना संपताच जिंकलेल्या व हरलेल्या दोन्ही संघांनी परस्परांशी आणि पंचांशी हस्तांदोलन करावे. विजयी संघाने पराभूतांसमोर नाचू नये; विनय हा जेत्याचाही धडा आहे. प्रशिक्षकाने चुकांची चर्चा त्याच दिवशी न करता पुढच्या सरावासाठी राखून ठेवावी आणि तीही संघाची चूक म्हणून करावी. घरी परतताना आई-वडिलांनी प्रथम मुलाचे मौन ऐकावे. तो बोलू लागला की दोनच प्रश्न पुरेत: आज काय चांगले जमले? उद्यापासून कशाचा सराव करायचा?

परीक्षा, नोकरी, व्यवसाय, संसार, सर्वत्र हार वाट पाहत उभी असते. गुणांच्या टक्क्यांवर मुलांचे मोल ठरविणाऱ्या आजच्या मध्यमवर्गीय घरांत ही गोष्ट शिकविणारा वर्ग कोठेच भरत नाही. तो मैदानावर भरतो, विनामूल्य भरतो. खांबाला टेकून बसलेला तो गोलरक्षक उठून प्रतिस्पर्ध्याच्या हाती हात देईल आणि दुसऱ्या दिवशी बूट बांधून पुन्हा सरावाला येईल, तेव्हाच त्या वर्गाचा पहिला पाठ पूर्ण झाला, असे समजावे.