निकाहची तारीख आणि तीस दिवसांची मुदत



माझ्या आधीच्या वक्त्यांनी मोठे विषय मांडले. माझा विषय एका अर्जाचा आहे. लग्न झाल्यावर जोडीदाराचं नाव कंपनीच्या आरोग्य विम्यात घालायचा अर्ज. मी पुण्यातल्या एका कंपनीत एचआरचं काम करते. हा अर्ज वेळेवर न केल्यामुळे काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

आमच्याकडे एक मुलगा होता, मराठवाड्यातला. त्याचा निकाह डिसेंबरमध्ये झाला. मुलीची बी.एड.ची परीक्षा बाकी होती, म्हणून रुखसती मे महिन्यात ठरली. ती पुण्यात आल्यावर तो माझ्याकडे आला, "मॅडम, आता मिसेसचं नाव घालून टाका." मी निकाहनामा पाहिला. तारीख डिसेंबरची. आमच्या पॉलिसीत लग्नानंतर तीस दिवसांचीच मुदत होती. आता पॉलिसीचं नूतनीकरण ऑक्टोबरमध्ये, तोवर काही करता येत नव्हतं. जुलैत तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. मित्रांकडून उसने घेऊन, तिचे दागिने गहाण ठेवून त्याने बिल भरलं.

त्याचा निष्काळजीपणा होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनात संसार रुखसतीपासून सुरू झाला होता. विमा कंपनी मात्र निकाहच्या तारखेपासून दिवस मोजते. आपल्यात निकाह आणि रुखसती यांत कधी कधी कित्येक महिने जातात. म्हणून ही गोष्ट आपल्या मुलामुलींना आधीच माहीत हवी.

मुदत असते कशासाठी? कुणीही आजारी पडल्यावरच नाव घालायला लागला, तर विमा चालणार नाही. म्हणून वर्षाच्या मध्ये नाव घालायची सवलत सहसा लग्न आणि बाळाचा जन्म, एवढ्यालाच मिळते. मुदत कुठे तीस दिवस असते, कुठे कमी-जास्त. तुमच्याकडे किती आहे, ते निकाहच्या आधी विचारून ठेवा. जोडीदाराचा प्रीमियम कंपनी भरते की तुमच्या पगारातून कापते, तेही विचारा.

आता कागदपत्रं. निकाहनामा उर्दूत असेल तर एचआरमध्ये तो वाचणारं कुणी असेलच असं नाही. सोबत भाषांतर द्या. आणि विवाह नोंदणी कराच. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार लग्नानंतर 90 दिवसांत नोंदणी करायची असते, आणि हा कायदा आपल्यालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2006 मध्ये सांगितलं, की विवाह नोंदणी सर्व धर्मीयांसाठी सक्तीची असावी. पण इथे एक गफलत होते. नव्वद दिवस सरकारचे, तीस दिवस कंपनीचे. सर्टिफिकेटची वाट बघत बसू नका. निकाहनामा जोडून एचआरला लगेच मेल करा, सर्टिफिकेट नंतर देतो म्हणून लिहा. तारखेचा पुरावा राहतो.

नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. निकाहनंतर मुलीने नाव बदललं पाहिजे असं इस्लाम सांगत नाही, आणि विमाही ते मागत नाही. घरच्यांनी हौसेने नवं आडनाव लिहिलं, की दवाखान्यात कॅशलेसच्या वेळी अडतं.

एवढी धावपळ कशासाठी? स्वतंत्र पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बाळंतपणाचा खर्च तर अनेक पॉलिसींमध्ये नसतोच. कंपनीच्या बऱ्याच ग्रुप पॉलिसींमध्ये ही अट नसते, बाळंतपणही ठरावीक रकमेपर्यंत मिळतं. बायकोला थायरॉइड असेल, तर हा फरक फार मोठा आहे.

ज्यांचा पगार 21,000 पर्यंत आहे आणि पगारातून ईएसआयचे 0.75 टक्के कापले जातात, त्यांनी बायकोचं नाव तिथे नोंदवलंय का ते आजच बघा. त्यासाठी जादा पैसे लागत नाहीत.

मुलींनो, नोकरी तुमची असेल तर नवऱ्याचं नाव तुम्हीही घालू शकता. आणि विमा नवऱ्याच्या कंपनीचा असेल, तर ई-कार्ड स्वतःच्या मोबाइलमध्ये घ्या. रात्री दवाखान्यात जायची वेळ आली आणि तो शिफ्टला असला, तर कार्ड तुमच्या हातात हवं. नोकरी सुटली की दोघांचंही संरक्षण जातं. त्याच विमा कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत जाता येतं, पण ती चौकशी शेवटच्या दिवसाच्या आधी करायची.

काही जण विचारतील, विमा जायज आहे का? यावर मतभेद आहेत. तुमचा विश्वास आहे त्या आलिमांना जरूर विचारा. फक्त मुदत संपायच्या आत विचारा.

निकाह ठरताना मेहर किती, जेवणाला माणसं किती, हॉल कुठला, सगळं लिहून काढतो. त्याच यादीत आणखी एक ओळ लिहा: एचआरला मेल, निकाहच्या दुसऱ्या दिवशी.