वार्तापत्र कशावर जुळवावे?

महाविद्यालयाचे, पतसंस्थेचे किंवा गावच्या वाचनालयाचे चार पानी वार्तापत्र काढायचे, तर ते संगणकावर कशात जुळवावे? आपण म्हणाल, हा प्रश्न डी.टी.पी.वाल्याला विचारावा, मास्तरला कशाला? मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. त्याची किंमत मोजली, म्हणून आज बोलतो आहे.

१९९८ साली हैदराबाद मुक्तीला पन्नास वर्षे झाली. मी तेव्हा विद्यार्थी. आम्ही पाच-सहा जणांनी एस.टी.ने उमरी, हदगाव, उदगीर, निलंगा या भागांत हिंडून, लढ्यातल्या म्हाताऱ्या मंडळींच्या आठवणी लिहून आणल्या आणि त्यांचा विशेषांक काढला. २०२३ साली पाऊणशे वर्षे झाली, तेव्हा वाटले, हा मजकूर पुन्हा छापावा. सांगणाऱ्यांपैकी कुणीही उरले नव्हते. छापील अंक एकच सापडला, आणि त्याची दोन पाने वाळवीने खाल्लेली! पण फाईल तर होती. लातुरात एक जुना संगणक शोधून ती उघडली, तो समोर बसलेली विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ही तर नुसती इंग्रजी अक्षरं हाईत की!"

असे का व्हावे? तो अंक पेजमेकरवर जुळवलेला होता. आल्डस कंपनीने १९८५ साली काढलेला, पुढे अ‍ॅडोबीकडे गेलेला हा प्रोग्रॅम आपल्याकडे घरोघरच्या प्रेसमध्ये पोचला. पण २००१ नंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही, आणि युनिकोड त्याला कधी कळलेच नाही. त्या काळच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फाँट गेला की चित्र गेले. खणाचे नाव तेवढे उरले. युनिकोडमध्ये 'क' हा कुठल्याही फाँटमध्ये 'क'च राहतो.

म्हणून पहिली गोष्ट ही, की मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा.

दुसरी गोष्ट, प्रोग्रॅम घेण्याआधी त्यात चार शब्द जुळवून पाहावेत : विद्यार्थी, राष्ट्र, उद्ध्वस्त, कोऱ्या. वेलांटी भलतीकडे पडली किंवा जोडाक्षर मोडले, तर बाकीचे गुण ऐकत बसू नये. 'लातूर' आणि 'शाळा' हेही लिहून पाहा. ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी, ते कळेल.

तिसरी गोष्ट निवडीची. इनडिझाइन हा प्रोग्रॅम उत्तम. पण मराठीसाठी त्यातला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो, आणि तो भाड्याने मिळतो. भाडे थांबले की काम थांबले. महिन्याला अंक काढणाऱ्या प्रेसला तो परवडेल. स्क्रायबस फुकट आहे, १.६ या आवृत्तीपासून तो देवनागरी नीट जुळवतो. मात्र शिकायला आठ-पंधरा दिवस द्यावेत. आणि दोन रकाने, एक फोटो, एक चौकट एवढेच असेल, तर फुकटचे लिबर ऑफिसही पुरे. चार पानांसाठी चाळीस पानांचा संसार कशाला मांडावा?

चौथी गोष्ट, छपाईसाठी फाँटसह पीडीएफ करावी आणि नुसता मजकूर वेगळा जपून ठेवावा. तुमच्यानंतर संपादक होणाऱ्या पोराला तो उघडता आला पाहिजे.

आमच्या अंकाचे काय झाले? मुलांनी छापील पाने आणि फाईल शेजारी ठेवून, कोणत्या इंग्रजी अक्षराला कोणते मराठी अक्षर, याचा तक्ता केला. महिना गेला; पण वाळवीने खाल्लेली पाने वाचता आली. फक्त एका आजोबांच्या गावाचे नाव अजून लागत नाही. त्यातले जोडाक्षर उरलेल्या पानांत कुठेच आलेले नाही.

त्या आजोबांनी आम्हाला भाकरी खाऊ घातली होती. गाव मात्र मला आठवत नाही. ते लिहून ठेवले आहे, या भरवशावर मी विसरलो!