पैसे मोजायचे ते काळ्या रंगासाठी



दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्राची पहिली पानं टीव्हीच्या जाहिरातींनी भरून जातात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ‘घ्यायचाच तर चांगला घेऊ’ म्हणणाऱ्यांना आणखी एक निमित्त मिळालं. पण चांगला म्हणजे नेमका कुठला? दुकानात ५५ इंची फोर-के टीव्ही चाळीसेक हजारांतही दिसतो आणि त्याच्याच शेजारी तेवढ्याच मापाचा दीड लाखाचाही. दोन्हींच्या पडद्यावर ठिपके सारखेच, साधारण ८३ लाख. मग वरचे लाखभर रुपये कशाचे?

माझं उत्तर असं, की ते मुख्यतः काळ्या रंगाचे.

एलईडी म्हणून जो विकला जातो, तो मुळात एलसीडी टीव्हीच असतो. पडद्याच्या मागे दिवे लागलेले असतात आणि पुढचे द्रवस्फटिक झडपांसारखे प्रकाश सोडतात किंवा अडवतात. या झडपा पूर्ण मिटत नाहीत. त्यामुळे रात्रीचा प्रसंग आला की आकाश काळं न दिसता राखाडी दिसतं. ‘क्यूएलईडी’ हाही याच घराण्यातला. रंग खुलावेत म्हणून त्यात क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण मागचे दिवे तिथेही आहेतच.

ओएलईडीमध्ये मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि काळं दाखवायचं असेल तेव्हा सरळ विझतो. कोडॅकमधल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली हे तंत्र जगापुढे मांडलं. सोनीचा पहिला ओएलईडी टीव्ही २००७ साली आला तो अवघ्या ११ इंचांचा, आणि ५५ इंची यायला २०१३ उजाडलं. साधा एलईडी आणि ओएलईडी या दोहोंच्या मधला तिसरा प्रकार म्हणजे मिनी-एलईडी. त्यात मागचे दिवे बारीक असतात आणि गटागटाने मंद-प्रखर करता येतात. असे हजार गट असले तरी एका गटाच्या वाट्याला आठ हजारांवर ठिपके येतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांची श्रेयनामावली लावून बघा, अक्षरांभोवती पुसट उजेड पसरलेला दिसेल. जितकं मॉडेल वरचं, तितका तो कमी.

इतकं ऐकल्यावर ओएलईडीच घ्यावा असं वाटेल. थांबा, आधी आपला हॉल बघा. एका भिंतीला बाल्कनीचं सरकतं दार, समोरच्या भिंतीला टीव्ही, ट्यूबलाइट चालू, मुलं डायनिंग टेबलावर अभ्यास करताहेत आणि आजी मालिका बघताहेत. अशा उजेडात विझलेल्या ठिपक्यांवर बाल्कनीचंच प्रतिबिंब दिसणार. ज्या काळ्यासाठी पैसे मोजले तो काळा दिसणारच नाही. इथे भरपूर प्रखर असा मिनी-एलईडी बरा. रात्री जेवणं आटोपल्यावर दिवे मालवून सिनेमा बघणारं घर असेल, तर मात्र ओएलईडीला तोड नाही.

दुसरी गोष्ट बातम्यांची. आपल्या वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर खाली दोन पट्ट्या, कोपऱ्यात बोधचिन्ह, बाजूला आणखी एक चौकट, आणि हे सगळं दिवसभर जागचं हलत नाही. ओएलईडीतलं सेंद्रिय द्रव्य वापराने झिजतं, आणि जिथे सतत तेच चित्र तिथे आधी झिजतं. मग वाहिनी बदलली तरी पट्टीचा डाग राहतो. यावर उपाय म्हणून टीव्ही बंद केल्यावर स्टँडबायमध्ये असताना पडदा स्वतःची डागडुजी करतो. पण आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त! वीज तोडली की ती डागडुजी होत नाही. ओएलईडी घेतलात, तर तेवढं एक बटण चालू राहू द्या. आणि सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्याच लागत असतील, तर मी तरी ओएलईडी घेणार नाही.

आकाराचं कोडं त्या मानाने सोपं. सोफा भिंतीपासून आठ-नऊ फुटांवर असेल तर ६५ इंच बेताचे. तेवढ्या अंतरावरून पडदा डोळ्यांशी साधारण ३० अंशांचा कोन करतो, आणि सिनेमासाठी तो चांगला मानतात. एट-केचा विचार सोडून द्या. ६५ इंची फोर-केचा एक ठिपका ०.३७ मिलिमीटरचा असतो, आणि साडेचार फुटांपलीकडून सर्वसाधारण डोळ्याला तोच सुटा दिसत नाही, मग त्याहून बारीक घेऊन काय करणार?

उलट काळजी करायची ती साध्या वाहिन्यांची. एचडी नसलेल्या वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम चार लाख ठिपक्यांचं. फोर-के पडद्यावर दर वीस ठिपक्यांतले एकोणीस टीव्हीला स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. हे अंदाज कसे उतरतात ते आतल्या प्रोसेसरवर ठरतं, आणि महाग टीव्हीतले काही पैसे त्याचे असतात. म्हणून दुकानातल्या पोपट-फळफळावळीच्या व्हिडिओवर भुलू नका. तो टीव्हीला सोपा पेपर आहे. घरात जी मालिका लागते ती दुकानातल्या सेट-टॉप बॉक्सवर लावायला सांगा. चित्र ‘व्हिव्हिड’वर असेल तर ते ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. पहिली दोन मिनिटं पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. आणि बाजूला सरकून बघा. आपल्याकडे सगळेच समोर बसत नाहीत. कुणी दिवाणावर, कुणी सतरंजीवर. अनेक एलसीडी पडदे तिरपे बघितले की फिके पडतात.

घरी आल्यावर एक सेटिंग मात्र आवर्जून शोधा, मोशन स्मूदिंग. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः रचून घालतो आणि मोठ्या बजेटचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८ साली टॉम क्रूझने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरी यांना सोबत घेऊन खास व्हिडिओ काढून हे बंद करा म्हणून सांगितलं होतं. क्रिकेटला थोडं चालेल.

सुताराने टीव्ही युनिट आधी करून ठेवलं असेल, तर खाचेची रुंदी मोजून दुकानात जा. ६५ इंची पडदा पावणेपाच फूट रुंद भरतो. ७५ इंची घेणार असाल तर सोसायटीची लिफ्टही मोजा. खोका उभाच न्यावा लागतो, आडवा झोपवला तर पडद्याला धोका. लिफ्टमध्ये मावला नाही तर जिना आणि त्याची वळणं आलीच.

राहता राहिला आवाज. पडदा जितका पातळ, तितकी स्पीकरला जागा कमी. बहुतेक टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. पार्श्वसंगीत दणदणतं आणि संवाद मात्र कळत नाहीत, ही ज्येष्ठांची तक्रार खरी असते. बजेट बेताचं असेल तर पडदा एक पायरी खालचा घ्या आणि उरलेल्या पैशांत साउंडबार बसवा. ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला तो जोडला की एकाच रिमोटवर काम भागतं. दुकानात तो लावून घ्या, बातम्या सुरू करायला सांगा आणि मिनिटभर डोळे मिटून ऐका. निवेदिकेचा शब्द न् शब्द कळला, तर बिल करायला हरकत नाही.