मालमोटारी आणि वनस्पती तेलाचे इंधन



मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव दूरवर ओळखले जाते ते येथील विवेकानंद आश्रमामुळे. विवेकानंद जयंती महोत्सवात लाखाहून अधिक भाविकांना पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद दिला जातो, आणि तो पंक्तीत ट्रॅक्टरांतून वाढला जातो. कढईतील तेल आणि डिझेलचे इंजिन ही दोन्ही एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र आलेली क्वचितच दिसतात. त्यांचे नाते मात्र जुने आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालविण्यात आले होते. आफ्रिकेतील वसाहतींत शेंगदाणा मुबलक होता, तेथेच इंधन तयार व्हावे अशी फ्रेंच शासनाची त्यामागे दृष्टी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंधनाची टंचाई भासू लागली तेव्हा भारतातही असे प्रयोग झाले, आणि १९४२ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे खनिज डिझेल स्वस्त व सुलभ झाले आणि हा विषय मागे पडला.

आज समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून जातो. मालमोटारींची वर्दळ वाढली आहे आणि वाहतुकीच्या खर्चात डिझेलचा वाटा सर्वांत मोठा असतो. अशा वेळी तेलाचा डबा सरळ टाकीत ओतला तर काय बिघडेल, हा प्रश्न ट्रकमालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

बिघडते ते दाटपणामुळे. ४० अंश सेल्सियस तापमानाला डिझेलची विष्यंदिता, म्हणजे दाटपणा, सुमारे २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, तर सोयाबीन, सूर्यफूल किंवा करंज यांच्या तेलाची ३० ते ४०, म्हणजे जवळजवळ दसपट. इंजिनातील नोझलने इंधनाचे धुक्यासारखे बारीक तुषार उडवावयाचे असतात. तेल दाट असले की तुषारांऐवजी थेंब पडतात. थेंब पूर्ण जळत नाहीत. त्यांचा काजळीसारखा थर नोझलच्या तोंडाशी बसतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, आणि न जळलेले तेल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. तेथे ते हळूहळू घट्ट होते. वाईट असे की हे लगेच कळत नाही. पहिले काही दिवस गाडी उत्तम चालते, धुराला पुरीचा वासही येतो, आणि मालकाला वाटते की युक्ती साधली. पुढे इंजिन उघडावे लागते तेव्हा वाचलेले पैसे त्यातच जातात. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या एका गाडीच्या मालकाला हा धक्का परवडत नाही.

यावर काही देशांत दोन टाक्यांची योजना करण्यात आली. गाडी डिझेलवर सुरू करावयाची, इंजिनाच्या गरम पाण्याने तेल ७०–८० अंशांपर्यंत तापवावयाचे, मग तेलावर यावयाचे आणि थांबण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर जावयाचे. एकसारख्या लांब पल्ल्याला जाणाऱ्या जुन्या इंजिनात हे जमते. परंतु एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकाच्या गाड्यांत अतिशय उच्च दाबाची कॉमन रेल यंत्रणा आणि धुरातील कण अडविणारी गाळणी असते. अशा गाडीत कच्चे तेल घालणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे होय.

खरा मार्ग तेलाचे रूप बदलण्याचा आहे. तेलात थोडे मिथेनॉल आणि त्याबरोबर कॉस्टिक सोड्यासारखा उत्प्रेरक मिसळून ते तापविले, की तेलाचा मोठा रेणू फुटतो आणि ग्लिसरीन खाली बसते. वर राहते ते धुऊन व कोरडे करून घेतले म्हणजे जैवडिझेल तयार होते. ढोबळ हिशेब असा की १०० किलो तेलास १० ते ११ किलो मिथेनॉल लागते आणि सुमारे १०० किलो जैवडिझेल व १० किलो ग्लिसरीन मिळते. दाटपणा आता ४ ते ५ सेंटिस्टोकवर आलेला असतो. बेल्जियममध्ये या पद्धतीचे पेटंट १९३७ सालीच घेतले गेले होते. हे वर्णन ऐकून कोणी घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत हा उद्योग आरंभू नये. मिथेनॉल हे विष आहे, त्याने दृष्टी जाते आणि प्राणही जातो, शिवाय ते सहज पेट घेते.

जैवडिझेलचेही काही स्वभाव ध्यानात घ्यावे लागतात. त्यातील ऊर्जा डिझेलपेक्षा लिटरमागे सुमारे आठ टक्के कमी असते. जुन्या टाकीतील गाळ ते सोडविते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर चोंदतो. नैसर्गिक रबराच्या नळ्या त्याने फुगतात. हवा व पाणी लागल्यास ते खराब होते, म्हणून सहा महिन्यांहून अधिक साठवू नये. थंडीत काही तेलांचे, विशेषतः पामचे, जैवडिझेल गढूळ होऊन गोठू लागते. उलट त्याचा वंगणगुण चांगला असतो आणि गंधक जवळजवळ नसते. या सर्वांचा मेळ घालून भारतीय मानकाने बीएस-सहा डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत जैवडिझेल मिसळण्यास मुभा दिली आहे. शुद्ध जैवडिझेलसाठी आयएस १५६०७ हे वेगळे मानक आहे. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्सप्रेस ५ टक्के जैवडिझेल मिसळून चालविण्यात आली होती. मिश्रणावर इंजिन चालते याबद्दल आता शंका उरलेली नाही.

शंका आहे ती तेल आणावयाचे कोठून, याबद्दल. बुलढाणा हा सोयाबीनचा जिल्हा असला तरी देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. ताटातील तेल टाकीत घालणे येथे शोभणारे नाही. म्हणून २००३ नंतर मोगली एरंडावर, ज्याला चंद्रज्योतही म्हणतात, मोठी भिस्त ठेवण्यात आली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठरविले. ते गाठले गेले नाही. पडीक जमिनीवर पाण्यावाचून हे झुडूप जगते हे खरे, पण जगणे निराळे आणि भरघोस बी देणे निराळे, हे त्यावेळी पुरेसे तपासले गेले नाही. शाळेच्या कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया खाऊन मुले आजारी पडतात, हेही शिक्षकांना ठाऊक आहेच. २०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्के असे बेताचे उद्दिष्ट ठेवले.

करंजाचे तसे नाही. तो नाल्याकाठी व रस्त्याकडेला पूर्वीपासून आहे. कर्नाटकात भारतीय विज्ञान संस्थेचे डॉ. उडुपी श्रीनिवास यांनी १९९० च्या दशकात करंजाच्या तेलावर खेड्यांतील जनित्रे चालवून दाखविली. तरीही गणित करून पाहावे. एक लिटर तेलास सुमारे ४ किलो बी लागते. दिवसाला १०० किलोमीटर जाणारी, लिटरला ४ किलोमीटर देणारी मालमोटार २५ लिटर इंधन घेते. म्हणजे एका गाडीच्या एका दिवसासाठी १०० किलो बी वेचावे, सोलावे व गाळावे लागेल. हेच मिश्रण ७ टक्क्यांचे असेल तर मात्र ७ किलो बी पुरते. उरलेली पेंड शेताला उत्तम खत होते, गुरांना ती चारू नये.

सर्वांत जवळचा साठा वापरलेल्या खाद्यतेलाचा आहे. वारंवार तापविलेल्या तेलात ध्रुवीय घटक वाढतात. ते २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल अन्नासाठी वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई आहे, आणि दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवून ते नोंदणीकृत संकलकाकडे द्यावयाचे असते. मोठ्या हॉटेलांत हे होऊ लागले आहे. अडचण बसस्थानकासमोरील वडापाव-भज्यांच्या गाड्यांची आहे. तेथील काळे तेल पुन्हा ताज्या तेलात मिसळून खाणाऱ्याच्या पोटात जाते किंवा गटारात जाते. एका गावात महिन्याला चार-दोन डबेच निघतील. त्यासाठी संकलकाची गाडी येणार नाही. आठवडी बाजाराच्या गावी तेल एकत्र करून द्यावे लागेल, आणि हे काम ग्रामपंचायत किंवा महिला बचत गट करू शकतो.

आणखी एक गोष्ट महामार्गालगतच्या गावांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. २०२० व २०२१ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या टाक्यांतून ‘बायोडिझेल’ या नावाने भलतीच औद्योगिक तेले मालमोटारींना विकली गेली आणि शासनाला त्याविरुद्ध कारवाया कराव्या लागल्या. ३० एप्रिल २०१९ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जैवडिझेलची विक्री डिझेलमध्ये मिसळण्यासाठी व नोंदणी करूनच करता येते. गावाच्या हद्दीत अशी टाकी उभी राहिलेली दिसल्यास ग्रामपंचायतीने नोंदणीचा कागद पाहण्यास मागावा, आणि तो दाखविला गेला नाही तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेला लेखी कळवावे.

शिक्षकांना एक साधा प्रयोग करता येईल. दोन सारख्या डब्यांच्या तळाला सारखे बारीक छिद्र पाडून एकात पाणी व दुसऱ्यात गोडेतेल ओतावे, आणि दोन्ही रिकामे होण्यास किती वेळ लागतो तो विद्यार्थ्यांना घड्याळ लावून मोजू द्यावा. मग तेच तेल कोमट करून पुन्हा मोजावे.