मुद्दल खाऊ नका, म्हावऱ्याचंसुद्धा

आज बचतीबद्दलच बोलायचं आहे, पण पैशाच्या नाही, मासळीच्या.

पनवेलच्या बाजारात तळहाताएवढ्या पापलेटांचा वाटा स्वस्तात दिसला की आपला हात पुढे होतो. मोठं पापलेट रोज परवडत नाही, हे खरंच आहे. पण त्या पिल्लांनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. गटात आपण मुद्दल जपतो आणि व्याजावर पुढे जातो. ही पिल्लं म्हणजे दर्याचं मुद्दल.

मासा वयात कधी येतो, हे शोधायला आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. ती 1947 साली सुरू झाली. मुख्य कचेरी कोचीला आणि एक केंद्र मुंबईत आहे. तिथली माणसं बंदरावर येणारी मासळी मोजतात, तोलतात, पोट चिरून गाबोळी तयार झाली आहे का ते बघतात. अशा असंख्य नोंदींवरून कोणता मासा किती लांबीला वयात येतो ते ठरतं. त्या अभ्यासाच्या आधारे राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, बांगडा 110, सुरमई 370. त्याहून लहान मासळी धरायची नाही. त्याच वर्षी पापलेट आपला राज्य मासाही झाला.

नियम न पाळला तर काय होतं? कॅनडाच्या न्यूफाउंडलँड बेटाची गोष्ट ऐका. तिथल्या थंडगार समुद्रात कॉड नावाचा मासा अमाप होता. शेकडो वर्षं गावंच्या गावं त्यावर जगली. मग मोठमोठी ट्रॉलर जहाजं आली. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार सांगत होते की मासा कमी होतोय. पण सरकारी अंदाज मोठ्या जहाजांच्या भरलेल्या जाळ्यांवर बेतलेले होते, ते चुकले. जुलै 1992 मध्ये कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे 30 हजार लोकांचं काम गेलं. मासळीच्या कारखान्यांत राबणाऱ्या कितीतरी बायका त्यांत होत्या. दोन वर्षांसाठी म्हणून केलेली बंदी तीस वर्षांहून जास्त चालली.

नॉर्वेच्या थंड समुद्रातही कॉड घटला होता. त्यांनी वेळीच पकड खूप कमी केली. जाळ्यात पिल्लं जास्त येऊ लागली की तेवढा भाग काही काळ बंद ठेवला. सुरुवातीला मच्छीमारांना ते जड गेलं, पण कॉड सावरला. आजही आकडे घसरले की ते पकड कमी करतात.

आपण बायका होडीवर जात नाही, पण विकायला बसतो आपण आणि विकत घेतोही आपणच. पिल्लांना गिऱ्हाईक नसेल तर ती आणण्यात कुणाला फायदा? आणि पापलेट संपलं तर सगळ्यात आधी टोपली रिकामी होईल ती विकणाऱ्या मावशीचीच. म्हणून तिच्याशी भांडू नका. ‘मावशी, जरा मोठं आणा, तेच घेऊ,’ एवढं प्रत्येकीने म्हटलं तरी तो निरोप बंदरापर्यंत जातो.

मोजायचं कसं? घरी पट्टीवर आपली वीत एकदा मोजून ठेवा. बहुतेकींची 18 सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे ओला बोंबील निदान वीतभर हवा. पापलेट साडेतेरा सेंटिमीटरच्या खाली नको. जवळा मात्र जन्मभर लहानच असतो, तो बघून घाबरू नका. पैसे कमी असतील तर पापलेटच्या पिल्लांऐवजी पूर्ण वाढलेला बांगडा किंवा मांदेली घ्या.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या म्हावऱ्यावर भागवायची रीत आपल्या आज्यांनी घालून दिलीच आहे. पुढच्या बैठकीत हिशेब झाला की पाच मिनिटं या विषयाला द्या, आणि गटात म्हावरं विकणारी कुणी असेल तर आधी तिला बोलू द्या. बंदरावर काय येतंय, हे तिच्याइतकं आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही.