जुन्या कागदांत सापडलेली माणसं

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोनवर विचारलं, "निवृत्त झाल्यावर तू तिकडे अमेरिकेत करतेस काय? तेच वीस मिनिटांत सांग." मी म्हटलं, "जुन्या फायली वाचते." पलीकडे बराच वेळ शांतता होती. साहजिकच आहे. इतिहासाच्या तासाला वर्गात सर्वांत जास्त जांभया मीच देत असे. आमचे इतिहासाचे सर समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, आधी तुमची क्षमा मागते आणि मग सुरुवात करते.

मी मेरीलँड राज्यात राहते. तिथून पश्चिमेला दोन-अडीच तास गाडी चालवली की व्हर्जिनियातला ब्लू रिज डोंगर लागतो. त्या डोंगरावर शेनान्डोआ नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. घाटमाथ्यावरून लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना दाट झाडी. आपल्याकडची माणसं पानगळीचे रंग पाहायला तिथे हमखास जातात. आम्हीही दरवर्षी जायचो. एकदा पायवाटेने खाली उतरताना झाडीत एक दगडी धुराडं दिसलं. घर नाही, भिंती नाहीत, नुसतं चुलीवरचं धुराडं. थोडं पुढे सफरचंदाची जुनी झाडं होती, आणि ती एका ओळीत होती. जंगलात सफरचंदं ओळीने उगवत नाहीत. ती कुणीतरी लावली होती. कुणी लावली? या एका प्रश्नापायी माझी गेली काही वर्षं गेली.

उद्यानं सांभाळणाऱ्या खात्याचं नाव नॅशनल पार्क सर्व्हिस. अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, यलोस्टोन, 1872 मध्ये झालं. पण उद्यानांसाठी वेगळं खातं निघायला पुढे 44 वर्षं लागली. मधल्या काळात, 1886 पासून, यलोस्टोनचा कारभार चक्क लष्कराकडे होता. 25 ऑगस्ट 1916 रोजी कायदा होऊन हे खातं जन्माला आलं. स्टीफन मॅदर हे त्याचे पहिले संचालक. निसर्ग जसाच्या तसा राखायचा आणि तरीही लोकांना तो पाहू द्यायचा, अशी दुहेरी जबाबदारी कायद्याने खात्यावर टाकली.

सुरुवातीची मोठी उद्यानं पश्चिमेकडची. ती जमीन सरकारी समजली गेली. मुळात ती तिथल्या आदिवासी जमातींची होती, पण तो आणखी मोठा विषय आहे. पूर्वेकडे उद्यान करायचं ठरलं तेव्हा मात्र जमीन खासगी मालकीची निघाली. घरं, शेतं, बागा, गिरण्या, चर्च, दफनभूमी, सगळं तिथे होतं. काँग्रेसने 1926 मध्ये शेनान्डोआला मंजुरी दिली, पण अट घातली की जमिनीसाठी केंद्राचा पैसा मिळणार नाही. व्हर्जिनियाने ती मिळवून द्यायची. म्हणून व्हर्जिनियाने 1928 मध्ये सरसकट भूसंपादनाचा कायदा केला. भूसंपादन हा शब्द आपल्या तालुक्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

1934 मध्ये खात्याचे तेव्हाचे संचालक आर्नो कॅमरर यांनी ठरवलं की डोंगर रिकामा झाल्याशिवाय जमीन ताब्यात घ्यायची नाही. 26 डिसेंबर 1935 रोजी उद्यान अस्तित्वात आलं आणि 3 जुलै 1936 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी समारंभाने ते देशाला अर्पण केलं. सुमारे पाचशे कुटुंबं तिथून उठली. मी मात्र वर्षानुवर्षं तिथे जाऊन फक्त पानं पाहून परतत होते.

आता फायलींकडे येते. कॉलेज पार्क या गावी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची मोठी इमारत आहे. पुण्याचं पेशवे दफ्तर ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कल्पना येईल. आधी ओळखपत्र काढावं लागतं. कोट, पिशवी, पेन बाहेर कुलपात. आत फक्त पेन्सिल. साठीनंतर पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटलं. चिठ्ठी भरून दिली की ठरलेल्या वेळी ढकलगाडीवरून खोकी येतात. टेबलावर एका वेळी एकच खोकं घ्यायचं आणि त्यातली एकच फाइल उघडायची. काढलेल्या फाइलच्या जागी खुणेचा पुठ्ठा ठेवायचा, म्हणजे क्रम बिघडत नाही. निघताना पहारेकरी तुमचा कागदन् कागद तपासतो.

उद्यान खात्याच्या दप्तराचा गट क्रमांक 79. पहिल्या आठवड्यात मी सूचीत "डोंगरातली माणसं" असा विषय शोधत होते. असा विषय कुठेच नव्हता. तिथल्या एका अभिलेखपालाने मला शहाणं केलं. तो म्हणाला, "तुम्हाला काय हवंय ते विसरा. त्या वेळच्या कारकुनाने हा कागद कुठे लावला असता, ते शोधा." कारकुनाच्या लेखी ती माणसं नव्हतीच. ती होती जमीन, परवाने, इमारती आणि तक्रारी. त्या मथळ्यांखाली शोधायला लागले आणि माणसं सापडायला लागली.

दुसरी गोष्ट कळली ती अशी की एका घटनेचे कागद एका जागी नसतात. वॉशिंग्टनहून सुटलेला हुकूम कॉलेज पार्कला. जमीन घेणाऱ्या राज्य आयोगाचं दप्तर रिचमंडला. जमिनीच्या किमतीवरून झालेले दावे काउंटीच्या कोर्टांत. आणि ज्यांच्यावर हुकूम बजावला त्यांची पत्रं उद्यानाच्या कचेरीत, लुरे या गावी. नुसते वरचे कागद वाचले तर सगळं सुरळीत पार पडल्यासारखं दिसतं. खालचे वाचले की कळतं काय झालं ते.

लुरेला अशी सुमारे तीनशे पत्रं जपून ठेवली आहेत. जमीन सरकारजमा झाल्यावर दुसरीकडे सोय होईपर्यंत काही कुटुंबांना परवान्यावर राहू दिलं होतं. परवान्यात अटी होत्या. झाड तोडायचं नाही, रिकाम्या घरांना हात लावायचा नाही. त्या काळात लिहिलेली ही पत्रं. मला वाटलं होतं, आक्रोश वाचायला मिळेल. प्रत्यक्षात मागण्या अगदी साध्या होत्या. शेजारी निघून गेला आहे, त्याच्या रिकाम्या घराची तावदानं काढून नेऊ का? एक दार मिळेल का? पेरलेला मका काढेपर्यंत थांबू का? आम्हीच लावलेल्या झाडांची सफरचंदं उतरवू का? हिवाळ्यापुरतं सरपण न्यायला परवानगी द्याल का? स्पेलिंग चुकलेलं, पण मुद्दा नेमका. कुणी अटीवर बोट ठेवून विचारतं, कुणी आधीच्या पत्राचं उत्तर का आलं नाही म्हणून खडसावतं. उत्तरं टंकलिखित आणि थोडक्यात. कधी होकार, पुष्कळदा नकार. कितीतरी रिकामी घरं पुढे पाडली गेली किंवा जाळली गेली. मी पाहिलेलं ते धुराडं म्हणूनच एकटं उरलं असणार.

याच सुमारास, 1933 मध्ये, "हॉलो फोक" नावाचं पुस्तक निघालं. या खोऱ्यांतली माणसं जगापासून तुटलेली, अडाणी आणि मागासलेली आहेत, असं चित्र त्यात रंगवलं होतं. ते पुष्कळांना पटलं, कारण ते सोयीचं होतं. अशा लोकांना उठवणं म्हणजे त्यांच्यावर उपकारच, नाही का? पण मागासलेली म्हटलेली तीच माणसं सरकारशी पत्रव्यवहार करत होती. आणि 1990 च्या दशकात त्यांतल्या काही खोऱ्यांत पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं, तेव्हा कारखान्यातली चिनी मातीची भांडी, औषधांच्या बाटल्या, मुलांची खेळणी आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांचे तुकडे निघाले. जगापासून तुटलेल्या घरात ग्रामोफोन कुठून येणार?

पण माझीही एक चूक कबूल करते. सुरुवातीला मी सरळ दोन रकाने पाडले होते, सरकार वाईट आणि लोक चांगले. कागदांनी ते टिकू दिलं नाही. काही कुटुंबं स्वखुशीने खाली उतरली होती. काही पत्रांत शेजाऱ्यांविरुद्ध चहाड्या आहेत. सर्वांत मोठी गोम वेगळीच होती. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना कमी-जास्त मोबदला तरी मिळाला. जे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राहत आणि कसत होते, त्यांना काहीच मिळालं नाही. काही वृद्धांना हयातभर डोंगरात राहू दिलं. त्यांतली शेवटची आजी 1979 मध्ये गेली. म्हणजे आपली दहावी झाली त्याच्या पुढच्या वर्षी. हे वाचल्यावर इतिहास एकदम जवळ आला.

त्याच उद्यानात लुइस माउंटन नावाचा एक तळ होता. 1939 मध्ये तो कृष्णवर्णीयांसाठी वेगळा म्हणून सुरू झाला. निसर्ग सर्वांसाठी, पण बसायच्या जागा वेगळ्या. हाही इतिहास खात्याच्याच दप्तरात, खात्यानेच जपलेला. आज बिग मेडोज इथल्या केंद्रात विस्थापितांची गोष्ट आणि हा भेदभाव, दोन्ही उघडपणे मांडलेले आहेत. डोंगराच्या पायथ्याच्या गावांत वंशजांनी दगडी धुराड्यांची स्मारकं उभारली आणि त्यांवर उठवलेल्या घराण्यांची आडनावं कोरली. हे होऊ शकलं, कारण नाकारलेल्या अर्जांचे कागदसुद्धा कुणी फेकून दिले नाहीत. ज्या खात्याने माणसं उठवली त्याच्याच कपाटात त्यांचा पुरावा राहिला.

आता आपल्याकडे येते. चांदोली 1985 मध्ये अभयारण्य झालं आणि 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान. तिथलीही गावं उठली. त्याआधी धरणांनी उठवलेली गावं तर आपल्या वर्गातच बसत होती. आपल्या बॅचची यादी संयोजकांनी पाठवली, तिच्यात नऊ नावांपुढे "पत्ता उपलब्ध नाही" असं लिहिलंय. नावं वाचली आणि लक्षात आलं, त्यांतली चार वरच्या खोऱ्यातली. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण त्यांत आहे. आठवीत ती एकाएकी यायची थांबली. ती दाखला न्यायला आली त्या दिवशी आपली गॅदरिंगची तालीम चालली होती. ती वडिलांबरोबर कचेरीच्या पायरीवर उभी होती. मी तिला पाहिलं, हात केला आणि पुन्हा नाचात शिरले. ती कुठे चालली हे मी विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. परक्या देशातल्या माणसांची तीनशे पत्रं वाचली, आणि शेजारी बसणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

आज सकाळी मुख्याध्यापकांच्या परवानगीने जुनं जनरल रजिस्टर पाहिलं. तिचं नाव आहे, जन्मतारीख आहे, गाव आहे. ते गाव आता पाण्याखाली आहे. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण दोन शब्दांत लिहिलंय, "गाव उठले". त्या पानाच्या कडेला कसर लागली आहे. अजून काही पावसाळे गेले की ही ओळही राहणार नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. देणगी आपण सगळे देतोच. त्या पैशांतून आधी या रजिस्टरांचं प्रत्येक पान फोटो काढून जपू या. दुसरं, ज्यांच्या घरी उठलेल्या गावांचे कागद असतील, नोटिसा, सातबारे, मोबदल्याच्या पावत्या, जत्रेचे फोटो, लग्नपत्रिका, ते शाळेत आणा. मूळ कागद तुमच्याकडेच राहू द्या, नक्कल इथे राहील. फोटोच्या मागे पेन्सिलने नावं आणि साल लिहा. तिसरं, ज्या कागदावर तुमचा अर्ज नाकारला गेला तो तर मुळीच फाडू नका. चौथं आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या नऊ जणांना शोधू या. पुनर्वसनाची गावं काही परदेशात नाहीत. मी अजून पाच आठवडे इथे आहे. पहिली फेरी येत्या रविवारी काढायची आहे. कुणाकडे गाडी आहे आणि कोण येतंय, ते जेवणाच्या वेळी मला सांगा.

पुढच्या मेळाव्याच्या यादीत तो "पत्ता उपलब्ध नाही"चा रकाना आखूड झालेला असावा, एवढीच इच्छा. आणि सर, आज मी एकदाही जांभई दिली नाही, याची नोंद घ्यावी.