ओशचा पर्वत आणि मेहरौलीचा दर्गा

दिल्लीच्या दक्षिणेस, अरवलीच्या खडकाळ सोंडेवर मेहरौली वसली आहे. कुतुबमिनार पाहावयास आलेला प्रवासी बहुधा तेथूनच परत फिरतो. परंतु जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून थोडे पुढे गेले, म्हणजे ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचा दर्गा लागतो. अजमेरच्या ख्वाजा मुइनुद्दीन चिश्तींचे हे शिष्य आणि बाबा फरीदांचे गुरू. १२३५ साली ते दिल्लीत निवर्तले. पण ते मूळचे दिल्लीचे नव्हेत. ते आले होते दूर फरगण्याच्या खोऱ्यातील ओश या गावाहून. आणि ओश प्रसिद्ध आहे ते तेथील पर्वतामुळे.

आज ओश किर्गिझस्तानात आहे. शहराच्या ऐन मध्यावर पाच शिखरांचा एक उघडाबोडका डोंगर उभा आहे. रेशीम मार्गाने जाणाऱ्या तांड्यांना तो दुरूनच गावाची खूण पटवी. लोक त्याला प्रेषित सुलेमानाचा पर्वत म्हणतात. परंतु त्याचे पावित्र्य इस्लामहून जुने आहे. त्याच्या खडकांवर प्राचीन चित्रे कोरलेली आहेत. गुहांतून आणि कपारींतून पूजास्थाने आहेत. अपत्यप्राप्तीसाठी, दुखऱ्या पाठीसाठी, दीर्घायुष्यासाठी माणसे तेथे येतात. एका उतरत्या शिळेवरून घसरत जाण्याची चाल आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगस्पर्शाने ती शिळा गुळगुळीत झाली आहे. जेजुरीचा गड चढलेल्या मराठी माणसाला या नवसांचे नवल वाटू नये. सोव्हिएत अमदानीत धर्माचरणावर बंधने आली, १९७८ मध्ये पर्वताच्या पोटातील गुहेत वस्तुसंग्रहालय थाटण्यात आले. तरी यात्रेकरूंची वाट मोडली नाही. २००९ मध्ये युनेस्कोने या पर्वताची जागतिक वारशात गणना केली.

याच पर्वताच्या खांद्यावर १४९६-९७ च्या सुमारास एका पोरसवदा राजाने एक लहानशी खोली बांधली. तो बाबर. तेथून सारे गाव पायथ्याशी पसरलेले दिसते, असे त्याने आपल्या आत्मवृत्तात कौतुकाने नमूद केले आहे. मूळ वास्तू आज नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा उभारण्यात आली. पुढे फरगणा बाबराच्या हातून गेला. १५२६ मध्ये पानिपत जिंकून तो दिल्लीस आला, तेव्हा त्याने ख्वाजा कुतुबुद्दीनांच्या कबरीला प्रदक्षिणा घातली. ओशच्या डोंगरावर खोली बांधणारा मुलगा सुमारे तीस वर्षांनी ओशच्याच एका सत्पुरुषापुढे नतमस्तक झाला.

बाबराच्या वंशजांनीही मेहरौलीशी नाते राखले. महादजी शिंद्यांनी ज्याला दिल्लीच्या तख्तावर आणून बसविले, तो दुसरा शाह आलम याच दर्ग्याच्या आवारात विसावला आहे. त्याचा मुलगा दुसरा अकबरशाह. त्याच्या शाहजाद्याला इंग्रजांनी अलाहाबादेस हद्दपार केले, तेव्हा आईने मुलाच्या सुटकेसाठी दर्ग्याला फुलांची चादर वाहण्याचा नवस केला, असे सांगतात. नवस फिटला, आणि फुलांचा पंखा जवळच्या योगमायेच्या मंदिरालाही अर्पण झाला. ‘फूलवालों की सैर’ हा उत्सव असा सुरू झाला. १९४२ मध्ये इंग्रज सरकारने तो बंद पाडला.

त्यानंतर १९४७ चे वर्ष आले. दंगलीत दर्ग्याची नासधूस झाली आणि मेहरौलीचे मुसलमान परागंदा झाले. १३ जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींनी दिल्लीत उपोषण आरंभिले. ते सोडण्यासाठी त्यांनी ज्या अटी घातल्या, त्यांत एक अशी होती, की मेहरौलीचा उरूस नेहमीप्रमाणे भरावा आणि मुसलमानांना तेथे निर्भयपणे जाता यावे. दिल्लीतील पुढाऱ्यांनी हमी दिली, तेव्हा १८ तारखेला उपोषण सुटले. फुटलेल्या जाळ्या पुन्हा घडविता येतात. परंतु वाटेची भीती केवळ शेजाऱ्यांनाच दूर करता येते. २७ जानेवारीला गांधीजी स्वतः दर्ग्यात गेले. तिसऱ्या दिवशी त्यांची हत्या झाली.

पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या पुढाकाराने फुलांचा उत्सव पुन्हा भरला; आणि मेहरौलीच्या रस्त्यावरून एक पंखा योगमायेकडे, तर फुलांची चादर ओशहून आलेल्या ख्वाजांकडे वाजतगाजत निघाली.